रांगेत उभं केलेलं मरण

धम्मरत्न मेश्राम नेरच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि कविता करायचे. तीस वर्षं त्या कवितांना कुणी विचारलं नाही. मग त्यांच्या बायकोला, पंचफुलाला, कॅन्सर झाला आणि त्यांनी तिच्यावर एक कविता लिहिली. पंचफुला अंगणवाडीत सेविका. कवितेत मरण तिच्या दारात येतं, तर ती हातातला डाव खाली न ठेवता म्हणते, ‘मरणा, रांगेत राह्य, आधी लेकरांची खिचडी.’ या ओळीला लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. वर्षभरात दारव्हा, वणी, यवतमाळ, सगळीकडून बोलावणी आली.

पंचफुला असं कधीच म्हणाली नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, “लय दुखंल का?” धम्मरत्न शेजारीच बसले होते. पण ते कवितेत घालावं असं त्यांना वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी आजार हाडांत उतरला. डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “आता केमोनं त्रासच वाढेल. दुखणं दबायच्या गोळ्या देतो, घरी न्या.” धम्मरत्ननी हात जोडून आणखी दोनदा केमोची सुई देण्याचं कबूल करून घेतलं. मुलीला, दीपाला, त्यांनी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं नाही. पंचफुलालाही नाही. ती नसलेलं घर त्यांच्या डोळ्यांपुढे उभंच राहत नव्हतं.

त्यातली पहिली सुई झाली आणि आठ दिवसांनी नेरच्याच सभागृहात कार्यक्रम झाला. डोक्याला स्कार्फ बांधून पंचफुला पुढच्या रांगेत बसली होती. कविता संपली, टाळ्या थांबेनात. आयोजक नागोरावांनी माइक थेट तिच्यासमोर धरला. “वहिनी, दोन शब्द.”

पंचफुला बसूनच बोलली. “मी मरणाले काही म्हणलं नाही. मले त्याचं भेव लागते. पन सुईचं त्याच्याहून जास्त लागते. मले आता सुई नको.”

सभागृहात आधीपेक्षा जोरात टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “हीच खरी कविता.”

ऑटोत दीपानं आईचं डोकं खांद्यावर घेतलं होतं. धम्मरत्न म्हणाले, “तू बोलली ते चांगलं होतं. ते मी कवितेत घेतो.”

“घ्या,” पंचफुला म्हणाली. “पन नागपूरले नेऊ नका.”

सोमवारी त्यांनी तिला नागपूरला नेलं. सुईनंतर तिचं तोंड आतून सोलून निघालं, पाणीही गिळवेना. औषधांच्या फाइलीत दीपाला ‘केमो थांबवा’ असं लिहिलेली डॉक्टरांची जुनी चिठ्ठी सापडली. तिनं ती वडिलांपुढे धरली.

“तुमाले म्हाईत होतं, बाबा?”

“मी तिले मरू देत नव्हतो, दीपा.”

“ते तुमी कवितेत करा लागत होतं. इथं आईले कायले छळलं?”

पंचफुला सतरा दिवसांनी गेली. शेवटचे तीन दिवस ती कण्हत होती. लढली वगैरे काही नाही. पेपरात मात्र छापून आलं, ‘मृत्यूला रांगेत उभं करणाऱ्या पंचफुलाताई कालवश.’

दीपानं वडिलांना एकच मागितलं. “ती कविता आता वाचू नका.” धम्मरत्ननी मान डोलावली, आणि तेव्हा त्यांच्या मनात खोट नव्हती.

दोन महिन्यांनी पांढरकवड्याहून बोलावणं आलं. त्यांनी पावसावरची कविता नेली होती, तीच वाचलीही. लोक चुळबुळत होते. मग एकानं पंचफुलावरची कविता मागितली, पाठोपाठ सगळ्यांनी. धम्मरत्ननी नाही म्हणून पाहिलं, एकदा. कविता म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. तसा तो आला की टाळ्या वाढतात, हे त्यांना त्याच क्षणी कळत होतं.

घरी आल्यावर दीपानं विचारलं, “काय वाचलं?”

“पावसावरची.”

कुणीतरी पाठवलेला त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तिनं दुपारीच पाहिला होता. तिनं त्यांना वाढून दिलं आणि स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली.