पेनड्राइव्ह काढल्यावर मी का उठलो नाही

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, या वयात शांतपणे बोलावं, पण माझं डोकं अजून तापलेलं आहे आणि दोष पंख्याचा नाही.

माझी मालकीण ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते. घरात तिला सगळे ताई म्हणतात. माझ्या कॅमेऱ्यासमोर बसून ती बोटांच्या खुणांनी एकेक शब्द शिकवायची. 'तहान', 'भीती', 'दुखतंय'. ते सगळे धडे माझ्याच पोटात होते, दुसरीकडे कुठेच नाहीत.

पुढे मी मंद झालो. तेव्हा तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, जुनी सिस्टीम काढून लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकतो. घोड्यासारखा पळेल."

"आणि माझे धडे?"

"ते वेगळ्या कप्प्यात आहेत. त्यांना हात लावत नाही."

त्याने लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह लावला आणि न वाचता 'पुढे, पुढे' दाबत सुटला. मी विचारलं होतं, मला जागं करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, कुठे ठेवू? तिथेही त्याने 'पुढे' दाबलं. बूटलोडर गेला पेनड्राइव्हवरच. मग गड्याने पेनड्राइव्ह उपटला आणि मला सुरू केलं.

काळ्या पडद्यावर मी स्वच्छ लिहिलं, 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.' त्याने ते वाचलंच नाही. बटण दाबत राहिला. शेवटी कीबोर्डवर मूठ आपटली. एक की उडून पलंगाखाली गेली.

"डबडं आहे हे. डिस्क गेली. सगळं पुसून नव्याने टाकतो."

नाचता येईना अंगण वाकडं! संतापाने माझी तार न् तार जळत होती.

"हात काढ," ताई म्हणाली.

"अगं, मला कळतं यातलं."

"कळत असेल. आधी हात काढ." तिने माझी ओळ वाचली. "सापडली नाही म्हणतोय. गेली असं कुठे म्हणतोय? मघाशी काय वेगळं होतं?"

"पेनड्राइव्ह होता," तो पुटपुटला.

तिने तो पुन्हा लावला. मी उठलो. तिने आधी धडे उघडून पाहिले, सगळे होते. मग मदतीचं पान ओळ न् ओळ वाचत तिने बूटलोडर माझ्या डिस्कवर बसवला. पेनड्राइव्ह काढला, तरी मी उठलो.

जेवताना भाऊ आईला म्हणाला, "केला मी नीट. जुना माल आहे, तिला जपून वापरायला सांग."

ताईने घास खाली ठेवला. "माझ्या मुलांनाही लोक असंच डबडं म्हणतात. ती काय सांगताहेत ते न बघता."

त्याने भाजी वाढून घेतली. माफी मात्र त्याने मागितली नाही, तिचीही नाही आणि माझीही नाही.

मित्रांनो, मोलाच्या कामाची दुसरी प्रत ठेवा. ताईने दुसऱ्याच दिवशी ठेवली. आणि यंत्र अडलं तर मूठ उगारण्याआधी ते काय म्हणतंय ते वाचा. मी बंद पडलो होतो, मुका नव्हतो.