पदकाची कड

बटणांच्या डब्यात एक दाढ होती. कागदात गुंडाळलेली, मुळांसकट. कुणाची, ते घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

*

कोरताना श्वास रोखायचा. अक्षर पुरं झालं की सोडायचा. मध्येच सोडला तर कोरणी घसरते आणि थेट अंगठ्यात जाते.

*

गोळ्या संपल्यावर त्याने फावडं उचललं. खंदकात समोर तिघे होते. पहिल्याचा जबडा गेला, दुसऱ्याची मान. तिसऱ्याने हात वर केले होते. त्याचे हातही गेले. प्रशस्तिपत्रात 'असामान्य शौर्य' असं लिहिलं आहे. फावड्याचा उल्लेख नाही.

*

भिंतीत धड असा एकच खिळा होता. पदक त्यावर टांगलेलं असे. पट्टाही त्यावरच.

*

"नाव असलं तर ते पदक," व्यापारी म्हणाला. "नाव नसलं तर चांदी."

*

आता नीट सांगतो.

व्यापाऱ्यासमोर दोघे भाऊ बसले होते. थोरला बावीस वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवत होता आणि त्याला स्वतःचा हवा होता. धाकटा नावं कोरायचा: अंगठ्यांच्या आत, स्पर्धांच्या ढालींवर, दारावरच्या पाट्यांवर. त्याला ट्रक नको होता, त्याला पदक हवं होतं. पण थोरला म्हणाला होता, "भाव विचारायला काय जातंय?" आणि थोरल्याला नाही म्हणायची सवय धाकट्याच्या जिभेला कधी लागलीच नव्हती. त्या जिभेखाली आणखीही एक गोष्ट दडवलेली होती. ती बाहेर आली तर आपली धडगत नाही, हे तो जाणून होता.

पदक वडिलांचं. पदकाच्या कडेवर, नाण्याच्या कडेवर रेघा असतात ना तिथे, नंबर, हुद्दा आणि नाव. वडील जाऊन तीन महिने झाले होते. आई त्यांच्या वर्षभर आधी गेली.

व्यापाऱ्याने हात धुतले, पुसले, पदक काळ्या फडक्यावर घेतलं. भिंग डोळ्याला लावून कड हळूहळू फिरवली. एक फेरी. मग दुसरी.

"अक्षर झकास आहे," तो म्हणाला.

धाकट्याचे कान तापले. भीतीने तापले, पण अगदी खरं सांगायचं तर थोडे सुखानेही.

"फारच झकास आहे. कुणी केलं हे?"

"सरकारने," थोरला म्हणाला.

"सरकार इतकं चांगलं काम करत नाही, राव." व्यापारी हसला नाही. "हे ठशाने उमटवलेलं नाही. हाताने कोरलंय, आणि अलीकडे. खाली जुन्या अक्षरांची सावली दिसतेय. मूळचं नाव घासून गेलं असणार. कोण घासायचं?"

"आई. दर आठवड्याला. विटेची भुकटी आणि ओलं फडकं."

"मग तसंच आणायचं होतं. घासून पुसट झालेलं नाव गिऱ्हाइकाला फार आवडतं. घरात जपलेली वस्तू वाटते, त्यात माया दिसते. मायेला भाव असतो. पुसट नावाचे मी तुम्हाला एका जुन्या ट्रकचे पैसे दिले असते. परत कोरलेलं म्हणजे बनावट. आता वजनावर घेतो." त्याने पदक काट्यावर टाकलं. "एक टायर येईल. नवा."

थोरला उठला. त्याने पदक खिशात घातलं आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "येतो." धाकट्याकडे बघितलंही नाही.

वाटेत तो एक शब्द बोलला नाही. वडीलही आधी गप्पच व्हायचे. लहानपणी घरात आवाज चढला की बरं वाटायचं. आवाज बंद झाला की दोघे भाऊ पलंगाखाली जागा शोधायचे. आता पलंग नव्हता. धाकट्याचं एका खोलीचं दुकान होतं, त्यात लाकडी ठोकळ्यांचं कामाचं टेबल आणि टेबलाला बोल्टने आवळलेला, वस्तू जबड्यात घट्ट धरणारा लोखंडी वाइस.

थोरल्याने आत येऊन शटर अर्धं ओढलं. भर दुपारी खोलीत काळोख पडला.

"तू केलंस."

"दादा, ऐकून घे."

पहिला फटका कानशिलात बसला. धाकट्याचं डोकं ढालींच्या फळीवर आपटलं, आणि अजून नाव न घातलेल्या सात-आठ ढाली त्याच्या खांद्यावर, मानेवर कोसळल्या. तो उठायच्या आत थोरल्याने त्यातलीच एक उचलून त्याच्या बरगड्यांवर मारली. काहीतरी कडकन वाजलं. ढालीचं लाकूड की आतलं हाड, ते त्याला कळलं नाही. तोंडात लोखंडाची चव आली.

"बावीस वर्षं. लोकाच्या गाडीत झोपतोय मी. आणि तू बसून नक्षी काढलीस?"

"बाबांनी सांगितलं होतं."

हे खरं होतं. आईच्या शेवटच्या वर्षी वडिलांना कमी दिसू लागलं होतं, पण बोटांना दिसत होतं. एक दिवस त्यांनी कड चाचपली आणि ओरडले, माझं नाव कुठे गेलं? धाकट्याला बोलावून घेतलं. "परत घाल. आणि खोल घाल." चार दिवस श्वास रोखून रोखून त्याने ते घातलं. आई उंबऱ्यात बसून चारही दिवस बघत होती. वडिलांनी नखाने एकेक अक्षर तपासलं आणि म्हणाले, "जमलंय." पन्नाशीला आलेल्या माणसाला बापाने उभ्या जन्मात दिलेला तो एकच शब्द. त्याला पदक हवं होतं ते या एका शब्दापायी. चांदी गेली चुलीत.

आणि त्या दिवसापासून आईने पदक घासणं सोडलं. तिचं काम झालं म्हणून, असं त्याला वाटलं होतं.

"बाबांनी सांगितलं," थोरल्याने वेडावत म्हटलं, "म्हणून बाळाने केलं."

त्याने धाकट्याचा उजवा हात मनगटाला पिळला, टेबलावर ओढला, पदक त्याच्या तळव्यात उभं ठेवलं आणि मूठ वाइसच्या जबड्यात सरकवली. दांडा फिरवला. धाकटा किंचाळला. थोरल्याने आणखी अर्धा फेरा दिला. बोटांचे सांधे एकामागून एक सुटले, ओली लाकडं चुलीत फुटावीत तसे. कड तळव्यात रुतत गेली.

"तू समोरून बघायचास पदक," थोरला धापा टाकत म्हणाला. "मी मोठा होतो. मी तिला घासताना बघितलंय. समोरची बाजू ती नुसती पुसायची. कड घासायची, तास तास. मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, जाईल हळूहळू." त्याचा आवाज फाटला. "तिने नाव पार पुसून टाकलं असतं आणि पैसे गेले असते, तरी मी बोललो नसतो. तिचा हक्क होता तो. पन्नासहून जास्त वर्षं लागली तिला. आणि तू चार दिवसांत परत कोरलंस. तिच्या समोर बसून."

धाकट्याचं किंचाळणं थांबलं. हात अजून वाइसमध्येच होता. दुखणं कुठेतरी दूर, दुसऱ्याच्या घरात चालल्यासारखं झालं. उंबऱ्यातली आई त्याला पहिल्यांदा नीट दिसली. ती कोरणीकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

थोरल्याने दांडा उलटा फिरवला. हात बाहेर आला तो हातासारखा नव्हता. तळवा मधोमध चिरला होता आणि रक्त ओघळून गेलं की चिरेच्या काठाशी तीन अक्षरं दिसत होती, उलटी, ठसठशीत. रक्त आलं की बुडत होती.

थोरला स्टुलावर बसला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "चहा टाक."

म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. पट्टा खिळ्याला परत लावल्यावर वडील हेच म्हणायचे, याच सुरात. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, जणू ते दुसऱ्याचे होते आणि सुटून जातील.

धाकट्याने डाव्या हाताने पदक उचललं, वाइसमध्ये कड वर करून धरलं. एका हाताने दांडा आवळेना. थोरला उठला आणि त्याने आवळून दिला.

"टायरसुद्धा येणार नाही मग," थोरला म्हणाला.

"निम्मा येईल."

धाकट्याने कानस घेतली. डाव्या हाताला सवय नव्हती. घासा वाकडा पडत होता, रक्त चांदीवर गळत होतं, कानस दोनदा घसरून बोटाची साल घेऊन गेली. तो थांबला नाही. आधी नंबर गेला. मग हुद्दा. नाव खोल होतं, त्याने स्वतःच खोल घातलं होतं, त्यामुळे जायला वेळ लागला. मध्येच त्याचा हात गळाला तेव्हा थोरल्याने कानस घेतली. मग परत त्याने घेतली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात, तिची दाढ पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आईने ते पदक पहिल्यांदा घासायला घेतलं.