खांबामागच्या पाकळ्या

“आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं,” श्रीधर गजभिये जर्मनमध्ये म्हणाले, “की हा कारागीर रेषेतून प्रार्थना करत होता.”

टेबलाभोवतीच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. मागे उभ्या असलेल्या क्रांतीला मात्र ‘माझ्या’ एवढंच ऐकू आलं.

बर्लिनच्या त्या संग्रहालयात ती जुन्या कागदांची निगा राखायची. टेबलावरचा कागद म्हणजे चर्चच्या भिंतीवरच्या नक्षीचा चारशे वर्षांपूर्वीचा आराखडा. शाईत अर्धंच फूल, कारण उरलेलं अर्धं खांबामागे जाणार होतं. पण एकदा तिरप्या उजेडात तिला शाईशिवाय, नुसत्या कंपासच्या टोकाने ओढलेल्या रेषा दिसल्या. खांबामागच्या पाकळ्याही सगळ्या आखलेल्या! कोणी बघणार नव्हतं, तरी पठ्ठ्याने हात आखडता घेतला नव्हता. त्या दिवशी तिला रडूच आलं.

धावत जाऊन सांगितलं ते श्रीधरदादांना. संग्रहालयातले मोठे अभ्यासक, आणि आंबेडकर जयंतीच्या जेवणात तिच्या ताटात हक्काने जास्तीचं वाढणारे. “लेख दोघांच्या नावाने,” ते म्हणाले होते. तिचं कंत्राट संपत आलं होतं. पुढची नोकरी त्या लेखावरच ठरणार होती. आज लेख छापून आला, तो एकट्या दादांच्या नावाने.

“दादा, माझं नाव?” तिने मघाशी दारातच विचारलं होतं.

“अगं, तुझी पीएचडी नाही, उगाच प्रश्न निघाले असते. तू तर घरातली. समजून घे ना!”

घरातली! केसाने गळा कापायला घरातलीच माणसं सोयीची पडतात.

“पण त्या रेषा कुठे आहेत?” एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. “मला तर काहीच दिसत नाही.”

दादांनी टॉर्च वरून धरला. कागद कोरा. जरा बाजूने धरला, तरी कोरा. “म्हणजे...” ते जर्मनमध्ये घुटमळले. मग हळूच मराठीत म्हणाले, “क्रांती, ये गं जरा. मला नाही जमत.”

तिने टॉर्च घेतला. थोडा उंच धरला असता, तर त्यांचं भर सभेत हसं झालं असतं. तिला ते मनापासून हवंही होतं. पण मग त्या पाकळ्या आजही कोणाला दिसल्या नसत्या. तिने टॉर्च खाली आणला, अगदी टेबलाला टेकवला.

खांबामागच्या पाकळ्यांची वर्तुळं उठून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादांकडे बघून. दादांनी मान लववली.

“पुरे गं आता,” ते म्हणाले.

“मागच्यांचं बघायचं राहिलंय, डॉक्टर गजभिये,” क्रांती म्हणाली आणि टॉर्च तसाच धरून राहिली.