दोघा भावांना एकच नंबर

आष्टीचा सर्व्हर पुन्हा जालन्याशी बोलेना, तेव्हा वामनदादांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं नाही.

"स्वानंद, संध्याकाळपर्यंत जोडणी झाली तर ठीक. न्हाई तर उद्यापासून तू आष्टीच्या गोडाउनवर राह्यचं. तिथल्या नोंदी फोनवर वाचून दाखवायच्या, इथं ऑफिसातली संध्या टाइप करून घेईल."

"म्हणजे व्हीपीएनच्या जागी मी?"

"तू मधीच बंद तरी पडत न्हाईस."

माझं लग्न होऊन अजून महिनाही झाला नव्हता. बायको, जान्हवी, जालन्यातच बँकेत. आणि गोडाउनवरची राहायची खोली म्हणजे बियाण्याची पोती ठेवून जी जागा उरेल ती. सीझनमध्ये उरत नाही.

'सगुणा सीड्स' ही दोन भावांची कंपनी. थोरले वामनदादा एमआयडीसीतला प्लांट बघतात, धाकटे अंगदभाऊ आष्टीचं गोडाउन. आष्टीला बियाण्याचा लॉट आला की तिथल्या सर्व्हरवर नोंद होते. ती नोंद जालन्याच्या सर्व्हरवर आली की इथं पिशव्यांची लेबलं छापतात. मधे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटच्या गर्दीतून फक्त आपल्या दोन सर्व्हरसाठी काढलेला बंद बोगदा. बाहेरच्या कुणाला आत डोकावता येत नाही. सध्या आतल्यांनाही येत नव्हतं.

बोगद्याची अट एकच. दोन्ही टोकांच्या नेटवर्कचे नंबर वेगळे हवेत. मी जालन्याला नऊ दिला होता, आष्टीला अठरा. सगळं चालायचं. मग दोन दिवसांनी आष्टीचा नंबर आपोआप नऊ झालेला असायचा, आणि जालन्याचा सर्व्हर आष्टीला हाक मारून स्वतःच ओ देत बसायचा. मी राउटर बदलला. इंटरनेटवाल्याशी भांडलो. शेवटी उंदरांवर संशय घेतला, वायरी तपासायला लावल्या.

त्या दिवशी गाडी काढली आणि सरळ आष्टी गाठली. गोडाउनमध्ये कचरूमामा राउटरपाशी चहा पीत होते. गोडाउनचा सगळा कारभार त्यांच्याकडं.

"मामा, हा नंबर कोण बदलतं, काही अंदाज?"

"अंदाज कशाला, मीच बदलतो की. पासवर्ड तुम्हीच तर चिटकवून गेल्ते."

"मग इतके दिवस फोनवर बोलला नाहीत?"

"तुम्ही उंदराचंच विचारून राह्यल्ते."

कारण विचारलं तर त्यांनी कपानंच आतल्या बाजूकडं खूण केली. आत अंगदभाऊ होते.

"मीच सांगितलं त्याला," भाऊ म्हणाले. "दादाला नऊ आन् मला अठरा? दादा थोरला हाये. त्याच्या दुप्पट घेऊन मी गावात कसा फिरू?"

"भाऊ, तो नुसता नंबर आहे. गावाला दिसत नाही."

"मला दिसतो ना."

आता हे मला कळायला हवं होतं. या घरात सगळं बरोबरीनं येतं. ट्रॅक्टर दोन, रंग एकच. जालन्याच्या केबिनला एसी बसला तेव्हा आष्टीलाही बसला. इथं केबिन नव्हती म्हणून तो शेडमध्ये बसवला, शेडला तीनच भिंती आहेत. दादांनी दाढ काढली त्या आठवड्यात भाऊंनीही काढली. भाऊंची दुखत नव्हती.

मी भाऊंच्या फोनवरून दादांना लावलं, स्पीकरवर टाकलं आणि सगळी हकिकत सांगितली. वाटलं, ते हसतील.

"अंगद बराबर म्हणून राह्यला," दादा म्हणाले. "वाटणीत फरक नको."

"दादा, फरक असल्याशिवाय बोगदा चालत नाही."

"मंग दोघांनाही अठरा दे."

मी पोत्यावर बसलो. त्याच पोत्याशेजारी उद्यापासून माझी गादी येणार, हे दिसायला लागलं. त्या भीतीनं डोकं चालायला लागलं.

"असं करू. आपापल्या घरी दोघंही नऊच राहा. फक्त बोगद्यातून दुसऱ्याला हाक मारताना वेगळा नंबर वापरायचा. राउटर मधल्या मधे बदलून देईल. म्हणजे भाऊ, दादांना घरात सगळे वामनराव म्हणतात, तुम्ही दादा म्हणता. माणूस तोच."

"चालंल," भाऊ म्हणाले. "मंग दादा मला कितीला दिसतील?"

"अठरा."

"आन् अंगद मला?" फोनमधून दादा.

"अठराच."

मग दादा हळूच म्हणाले, "म्हंजे हरेकाला वाटणार, दुसऱ्याला जास्त गेलं."

मी अठराचे आठ केले. आता दोघंही घरात नऊ आणि दुसऱ्याला आठ. प्रत्येकाला दुसरा एकानं कमी दिसत होता, आणि आपणही त्याला तसेच दिसतो हे दोघांना पटलं. नुकसान सारखंच होतं.

बोगदा उघडला. जालन्याला लेबलं छापून निघायला लागली, मशिनचा आवाज फोनवर ऐकू आला.

"ये मंग जालन्याला," दादा म्हणाले. मी हेल्मेट उचललं.

"दादा," भाऊ फोनकडं वाकले, "तुमच्याकडं कॉम्प्युटरवाला हाये. माझ्याकडं कोण?"

मला तो प्रश्न आवडला नाही.

"बराबर हाये तुझं," दादा म्हणाले.

सोमवार ते बुधवार मी जालन्याला, गुरुवार ते शनिवार आष्टीला. मला कुणी विचारलं नाही. ट्रॅक्टरलाही विचारलं नव्हतं. रविवारवर मात्र गाडी अडली.

"रविवारी मला सुट्टी असते," मी म्हणालो.

"त्याचंच तर बोलून राह्यलो," भाऊ म्हणाले. "सुट्टी एकट्या दादानं द्यायची, हे काही बरं दिसत न्हाई. अर्धी इथं घे."

बाहेर येऊन मी जान्हवीला फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपल्याकडं कोणती अर्धी? जेवणाच्या आधीची का नंतरची?"

आत फोनवर दोघं भाऊ त्याच मुद्द्यावर आले होते.