सारवलेली भिंत

शिडीवरून चरात उतरलेली प्रतिभा शेवटच्या पायरीवरच थांबली. चराची भिंत सारवलेली होती. अकरा दिवस खुरप्याने तासून मातीचे थर उघडे केले होते, खिळ्यांना दोरे बांधून चौकोन आखले होते. आता त्यावर शेणमातीचा ओला हात फिरलेला, आणि त्यात बोटांची सुबक नक्षीसुद्धा. खिळे एका वाटीत गोळा केलेले होते. दोऱ्यांचा गुंडा करून ठेवला होता.

"आजी, हे काय केलं?"

"सकाय तुन्हा मोठा साहेब ई ऱ्हायना ना?" वरून सुगंधाबाई म्हणाल्या. "पाव्हना येवाना आन् भीत उघडी? बरं दिसस का?"

 पुण्याहून प्रतिभा भूकंपाचा माग काढायला आली होती. ब्राह्मणपुरीच्या शिवारात सुगंधाबाईंच्या शेतात दहा फूट चर खणल्यावर वाळूचा एक पट्टा मध्येच तुटून दीड हात खाली गेलेला सापडला होता. हजारो वर्षांपूर्वी इथली जमीन हलल्याची खूण. त्या थरात अडकलेला जुना कोळसा तपासला की भूकंपाचा काळ कळणार होता. तोच कोळसा अजून काढायचा राहिला होता.

पहिल्याच दिवशी बाईंनी भूकंपाबद्दल विचारलं होतं, "परत कव्हय ई तो?"

"तारीख नाही सांगता येत आजी. येईल असं धरून राहायचं."

बाईंना हे काही नवीन नव्हतं. सुरतेला गेलेल्या मुलाबद्दल, नवनीतबद्दल, त्या सहा वर्षं तेच करत होत्या.

प्रतिभाने साहेबांना फोन करून त्यांचं येणं पुढे ढकललं. भिंत वीतभर आत तासायची, म्हणजे आणखी चार दिवस. काय झालं ते कळल्यावर बाई दोन दिवस चराकडे फिरकल्या नाहीत. एरवी दुपारी न चुकता येणारी भाकरी आली नाही, तेव्हा प्रतिभाच घरी गेली. फरशीचं चकचकीत घर, आणि बाई दाराकडे पाठ करून बसलेल्या.

"चिडले होते मी. पण आतला पट्टा जास्त स्वच्छ निघाला. कोळसाही मिळाला."

"खरं सांगस?"

"खरंच."

बाईंनी फरशीवरून हात फिरवला. "फरशी बसाडी तव्हयपासून सारवानं काम नही. आन् येस तरी कोन?" मग खाली बघत म्हणाल्या, "तुन्हं काम बिघडनं, पन तू चार दिन जास्ती ऱ्हाशी. माले बरं वाटनं. पाप लागी माले."

 प्रतिभाने स्वतःच टोपलीतली भाकरी घेतली आणि तिथेच जेवायला बसली.

शनिवारी सामान जीपमध्ये चढलं. चर बुजवायला जेसीबी आला होता. भिंतीच्या कडेचा हातभर तुकडा कामाचा नव्हता म्हणून तासायचा राहिला होता. त्यावरचं सारवण वाळून पांढुरकं पडलं होतं, नक्षी मात्र शाबूत होती. प्रतिभाने त्याचा फोटो काढला आणि वहीतल्या चित्रात तोही थर काढला. सगळ्यात अलीकडचा.

"परत कव्हय यशी?" बाईंनी विचारलं.

प्रतिभा फोनमधलं कॅलेंडर उघडू लागली.

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "तारीख नको सांगू."

जीप डांबरी सडकेला लागली. जेसीबीने माती लोटायला सुरुवात केली. बाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. माती हळूहळू वर चढत गेली आणि शेवटी सारवणात उमटलेली त्यांची पाच बोटं तेवढी दिसत राहिली.