आवाज थांबला की

"मूळ खडकांवर प्रचंड दाब आणि उष्णता यांचा परिणाम होऊन त्यांचे मूळ स्वरूप बदलते. अशा खडकांना–"

खोकला. कोरडा, दोनदा.

"–अशा खडकांना रूपांतरित खडक म्हणतात."

आईने नळ बंद केला. हातातलं पातेलं तसंच राहिलं, अर्धं घासलेलं.

हा खोकला तिने मघाशी ऐकला होता. याच ठिकाणी. 'अशा खडकांना' म्हटल्यावर, दोनदा.

असेल. पोरगी सकाळपासून एकच धडा घोकते आहे, घशाला कोरड पडली असेल. एखाद्या ओळीत जीभ अडखळते, तसा खोकलाही अडखळत असेल. असं स्वतःला समजावून तिने पुन्हा नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून पुन्हा बंद केला.

"चुनखडीचा संगमरवर. वाळूच्या खडकाचा क्वार्टझाइट. शेलचा–"

स्लेट, आई मनात म्हणाली. तिला सगळं पाठ झालं होतं. बाबांनाही. छापखान्यातून घरी आले की ते जिन्यातच थांबून कान द्यायचे आणि वर येऊन कौतुकाने सांगायचे, "लोकांच्या घरी रेडिओ लागतो, आपल्याकडे बबडी लागते." बबडी बावीस वर्षांची होती, तरी नाव तेच होतं. मोठ्या परीक्षेची ही तिची दुसरी खेप. मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरत नसे. त्यामुळे तो आवाज घरात भिंतीसारखाच उभा असायचा. कुणी त्याच्याकडे बघायचं नाही. तो पडला असता तरच बघितलं असतं.

"शेलचा स्लेट."

आणि पुन्हा सुरुवातीपासून. मूळ खडकांवर. प्रचंड दाब. आई पातेलं धरून उभी. बदलते. अशा खडकांना–

आता खोकला येईल.

आला.

कान हीच तिची नोकरी होती. एका मोठ्या इस्पितळात ती टेलिफोन ऑपरेटर होती. तिथे तिला सगळे हॅलोताई म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. 'कृपया प्रतीक्षा करा, आपण रांगेत आहात' हा इस्पितळाचा आवाजही तिचाच. सर्दी झाली असताना टेपवर भरलेला, त्यामुळे 'प्रतीक्षा'च्या जागी 'प्रदीक्षा' ऐकू येतं. पंधरा वर्षं तोच चालू आहे. काही म्हातारी माणसं त्या आवाजालाच घाईघाईने आपलं दुखणं सांगायला लागतात. तो ऐकून घेत नाही. भरलेला आवाज ऐकून घेत नाही, एवढीच त्याची खूण.

ती दाराशी गेली आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवलं. ते दार जोरात वाजवायची घरात कुणाची छाती नव्हती.

"बबडे."

"मूळ खडकांवर प्रचंड दाब आणि"

"बबडे, दूध देऊ का गं?"

"उष्णता यांचा परिणाम होऊन"

"अगं, हूं तरी म्हण!"

"त्यांचे मूळ स्वरूप बदलते."

जिवंत माणूस हाक आली की थांबतो. 'काय आहे गं!' म्हणून खेकसतो. निदान एक शब्द तरी मागेपुढे होतो. आवाज थांबला नाही.

आईने दार ढकलून बघितलं, आतून कडी होती.

मागे एकदा इस्पितळात एक फोन आला होता. तसे रोज शेकडो येत, जोडून द्यायचे आणि आपण बाजूला व्हायचं. पुढे काय झालं ते ऑपरेटरला कधीच कळत नाही. कुणाला बाळ झालं, कोण गेलं, कोण वाचलं, सगळं अर्धवट. हाही तसाच. एका बापाचा. ओरडत नव्हता, रडत नव्हता, अगदी अदबीने बोलत होता. "ताई, जरा बघता का, आमचा मुलगा अभ्यासाच्या खोलीचं दार उघडत नाहीये." अपघात विभागाला जोडून देऊन ती बाजूला झाली होती. मग दुसरा फोन. मग तिसरा. मग डबा खाल्ला होता तिने. चवीने खाल्ला होता.

आता तो बाप तिच्याच घशातून बोलायला लागला.

"बबडे, दार उघडत नाहीयेस तू. बबडे, ऐकतेस ना? मी आहे."

अशा खडकांना. खोकला.

कुणाला जोडून देऊ?

तिने खांदा लावला. कडीचे स्क्रू कधीचे ढिले होते. बाबा म्हणायचे रविवारी ठोकतो, पण रविवारीही अभ्यास असायचा, ठोकाठोकीने मोडेल म्हणून राहून जायचं. दुसऱ्या धक्क्याला कडी निखळून खाली पडली. दार भिंतीवर आपटलं.

बबडी जमिनीवर होती. गादी बाजूलाच, चादर घट्ट, सुरकुती नाही. टेबल आणि पलंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, उघड्या फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मोबाइल कानाखाली. त्यातून ती स्वतःच वाचत होती. वाळूच्या खडकाचा क्वार्टझाइट.

आई खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. लेकीच्या नाकासमोर तिने ओला हात धरला. साबणाचा हात, त्याला वारा लागतोय की नाही कळेना. पदराला पुसून पुन्हा धरला.

लागला. गरम.

पुन्हा लागला.

तेवढ्यावर उठून जायला हवं होतं तिने. दार लोटून घ्यायचं, पातेलं पूर्ण घासायचं. पण त्या आवाजाची आता तिला इतकी किळस आली होती, की तिने लेकीच्या कानाखालून मोबाइल ओढला आणि बंद केला.

खोली गप्प झाली.

बबडी उठली नाही, उसळली. डोळे उघडायच्या आधी हात टेबलावर गेला होता. पुस्तक खाली आलं, पाण्याची बाटली आली.

"थांबला! आई, थांबला! बंद का केलंस?"

"अगं, मी आहे, मी. झोपली होतीस तू."

"नाही! नव्हते झोपले." तिच्या गालावर फरशीच्या फटीची रेघ उमटली होती. "नुसती पडले होते. जागी होते मी."

हे वाक्य आईने आयुष्यभर ऐकलं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन लावून उठवलं, की झोपेने जड झालेल्या जिभेने तो पहिल्यांदा हेच म्हणतो: नाही नाही, जागाच होतो. सगळेच म्हणतात. फोनवर आजवर एकानेही कबूल केलं नव्हतं, की हो, झोपलो होतो. हॅलोताई त्यावर हसत असे. आज ती हसली नाही. कारण डॉक्टर ओशाळतात, आणि ही थरथरत होती. दातांवर दात आपटत होते तिचे, भर दुपारी.

"मग हे लावून का ठेवलं होतंस? आम्हाला फसवायला?"

"तुम्हाला कशाला फसवू?"

"मग?"

बबडीने मोबाइलकडे हात केला. आईने तो पाठीमागे घेतला. लहानपणी खेळणं लपवावं तसं झालं, आणि दोघींनाही त्याचं हसू आलं नाही.

"आवाज चालू असला की मला पडता येतं," बबडी म्हणाली. "माझाच असला तरी चालतो. कुणीतरी वाचतंय ना, मग ठीक आहे असं वाटतं. आवाज थांबला की... आई, सगळे पुढे जातात."

"सगळे कोण गं?"

"सगळे."

"कुठे जातात?"

"विनोद करू नकोस."

"नाही करत. मला खरंच कळत नाहीये, बाळा."

"घास चावायला वेळ लागतो ना, तेव्हा पण जातात. आंघोळ करताना जातात. तू परवा केसांना तेल लावलंस ना, मी गप्प बसले होते, तुला वाटलं बरं वाटतंय मला. मला पळून जावंसं वाटत होतं." ती भराभर बोलत होती, वाचल्यासारखी, श्वास घ्यायची जागा न सोडता. "मागच्या खेपेला थोडक्यात गेलं. ताप आला होता तेव्हा तू मला झोपवून ठेवलंस. दोन दिवस. त्या दोन दिवसांतच गेलं ते. मला माहितीये."

"ताप उतरेना तुझा! बरळत होतीस."

"मग बरळू द्यायचं होतंस. धड्यातलंच बरळत होते ना?"

आईने चादरीकडे बघितलं. ते खरं होतं. आणि बाबांनी ते छापखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं, की आमची लेक तापातसुद्धा. लोक वाहवा म्हणाले होते. तिनेही इस्पितळात सांगितलं होतं. चहा पिताना. ऐटीत.

*

दुपारच्या पाळीला निघायची वेळ झाली होती. आईने इस्पितळात फोन लावला. पलीकडे सकाळच्या पाळीची मैत्रीण, जिला सगळे भोंगा म्हणत.

"हॅलो, मी बोलतेय. आज येत नाही मी."

"का गं? मेलीस की काय?"

"नाही, जरा..." बबडी तिच्या तोंडाकडे बघत होती. "ताप आलाय."

"आवाज तर ठणठणीत आहे तुझा."

"अंगात कणकण आहे."

"बरं बाई, पड. मी ओढते दोन्ही पाळ्या. पण उद्या ये हां, नाहीतर तुझ्या त्या सर्दीवाल्या आवाजालाच खुर्चीत बसवते."

फोन ठेवला. बबडी अजून बघत होती.

"ताप कुठे आलाय तुला?"

"असंच सांगितलं."

"नुसतं पडायचंय असं तुलापण नाही सांगता आलं," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. जत्रेत हरवलेल्याला ओळखीचं कुणी दिसावं, तसा चेहरा झाला होता तिचा.

आईने तिला उठवून गादीवर बसवलं. चादर मोडली. चादर मोडली जाताना बबडीने श्वास रोखून धरला. मग आईने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, आणि लेकीने नुसतं बघितलं तिच्याकडे, तेव्हा पुन्हा उघडून ठेवलं. पालथं. एवढ्यावर तडजोड झाली.

"मी पण पडते तुझ्याजवळ. सरक."

पडल्या. छताचा पंखा. घराला असा आवाज असतो, हे आईला ठाऊकच नव्हतं: नळाचं टपकणं, खालच्या कुणाची तरी शिलाई मशीन, आपल्याच कानातलं रक्त. तिला भीती वाटली. आधी लेकीसाठी वाटत होती, मग स्वतःची वाटायला लागली. पातेलं अर्धं राहिलंय. कपडे भिजलेत. भोंगा दोन्ही पाळ्या ओढतेय. छातीत काहीतरी टोचत होतं, आणि हेच ते असेल, हेच हिला रोज, घासागणिक–

बाहेरचं दार वाजलं.

बबडीने तिचं मनगट पकडलं. नखं रुतली. "सांगू नकोस," ती ओठांनीच म्हणाली.

समोरच्या काकू होत्या. हातावर पीठ, पाठीमागे त्यांचं अर्धं उघडं दार.

"काय गं, काहीतरी पडलं का तुमच्याकडे? धाडकन वाजलं. आणि मग एकदम सामसूम! बबडीचा आवाज नाही. मी म्हटलं झालं तरी काय. आवाज थांबला की आम्हालाच कसंतरी होतं आता. बरी आहे ना पोर?"

आईच्या तोंडाशी उत्तरं रांगेत उभी होती. मनात वाचतेय. पेपर सोडवतेय. ताप आलाय. एकेक अगदी तयार, खणखणीत.

"झोपलोय आम्ही," आई म्हणाली.

"अं?"

"दोघी. झोपलोय."

"झोपलाय? झोपलेलं माणूस दार उघडतं होय!" काकू हसल्या, आणि मग त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी आईच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. "या वेळेला? परीक्षा तोंडावर आलीये ना गं तिची?"

"आलीये."

"मग?"

आईचा चेहरा तापला. खोटं बोलताना तापला नसता एवढा. चोरीचा माल हातात घेऊन उभं राहावं, तशी ती आपल्याच उंबऱ्यात उभी होती.

"मग काही नाही, काकू. झोपलोय."

दार लावताना कडी दोनदा निसटली.

आत बबडी उताणी पडली होती. डोळे मिटलेले. तिने सगळं ऐकलं असणार. मुठी आवळलेल्या होत्या, अंगठे आत. आई हळूच शेजारी टेकली. हिला आता ओरडू दे, भांडू दे, पुस्तक फेकून मारू दे म्हणून वाट बघत राहिली. थोड्या वेळाने बबडीच्या मुठी सुटल्या. श्वास लांब झाला. ओठ किंचित विलगले. सोंग नव्हतं ते. श्वासातलं सोंग हॅलोताईला फोनवरूनही ओळखता येत असे.

झोपली होती.

आईने जरा वाकून बघितलं. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलत होते. डावीकडून उजवीकडे. हळूहळू, न चुकता. टोकाला गेले की झटकन परत डावीकडे, आणि पुन्हा उजवीकडे.

उठवायचं की नाही ते तिला कळेना. खाली शिलाई मशीन थांबली होती. लेकीचा हात हातात न घेता, नुसता तिच्या हाताला हात लावून, आई पान संपायची वाट बघत पडून राहिली.