पान एकशे बारा

कॉलेजच्या ग्रंथपालांचा कुणावरही विश्वास नव्हता. मात्र या बाबतीत ते पक्षपात करत नसत. येणाऱ्याची पिशवी ते तपासत, जाणाऱ्याची पुन्हा तपासत, आणि नोंदवहीत सही करणाऱ्याला पेन कुठून आणलं ते विचारत. मुलं त्यांना सीसीटीव्ही म्हणत. बायको जरा सौम्य होती. "आमच्या ह्यांना घड्याळंसुद्धा दोन लागतात," ती सांगायची, "एकावर दुसऱ्याची नजर असावी म्हणून."

अशा माणसाला प्राचार्यांनी यंदा मुलांकडून ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहून घ्यायचं काम दिलं. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा नि कुणीही दुरुस्त करावा असा. ही व्यवस्था ऐकूनच ग्रंथपालांना घाम फुटला. नियम मात्र त्यांना आवडले. प्रत्येक विधानाला संदर्भ हवा, आणि मजकूर स्वतःच्या शब्दांत हवा.

"वाचा, पुस्तक मिटा, मग मामाला फोनवर सांगताय असं समजून लिहा," ते वर्गात सांगत. "आणि खाली पुस्तकाचं नाव नि पान टाका." नमुना म्हणून त्यांनी स्वतःचाच लेख दाखवला होता: शहराची पाणीपुरवठा योजना. तळटीपेत एक जुना, जाडजूड इतिहास. पान एकशे बारा.

मुलांनी सोपी वाट काढली. उतारा उचलायचा आणि शब्दांचे कपडे बदलायचे. 'नळाला पाणी आलं'चं 'नलिकेस जल प्राप्त झाले'. एकाने 'टाकीची गळती'चा 'कुंभाचा अश्रुपात' केला.

"अरे, चोरानं टोपी बदलली म्हणून तो जावई होतो का?" ग्रंथपाल म्हणाले, पण मनातून सुखावले. चोऱ्या अपेक्षेप्रमाणे चालल्या होत्या.

घोटाळा केला तो मुंगीने. मुंगी म्हणजे मागच्या बाकावरची, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली मुलगी. हे लेख ज्या विषयाच्या गुणांत धरले जाणार होते, त्यात ती मागच्या वर्षी नापास झाली होती. यंदा राहिली तर वर्ष बुडणार होतं. तिचा लेख जुन्या पंपघरावर होता. भाषा साधी, प्रत्येक वाक्याला संदर्भ, प्रत्येक संदर्भाला पान. ग्रंथपालांनी तो तीनदा वाचला आणि त्यांची खात्री पटली की पाणी कुठंतरी मुरतंय. इतकं बरोबर कुणी आपणहून करत नाही.

त्यांनी देवघेवीची वही काढली. तिचे संदर्भ होते त्याच जाडजूड इतिहासातले, आणि तो गेल्या अकरा वर्षांत कुणी घरी नेलेला नव्हता. बसून वाचणाऱ्यांच्या नोंदीतही मुंगीची सही नव्हती. कुणाचा लेख स्वतःचा नि कुणाचा उचललेला, याची यादी पाच वाजता प्राचार्यांकडे जायची होती. साडेतीनला त्यांनी तिला बोलावलं.

"हे पुस्तक तू वाचलंस?"

"लागतील तेवढी पानं, सर."

"कधी? कुठं? सही कुठाय तुझी?"

"कपाटापाशी उभ्यानं वाचलं. सही करायला आलं की तुम्ही पेनाची चौकशी करता. त्यात तास जातो."

"उलट बोलू नकोस. तुझ्या नावापुढे मी 'उचललेलं' लिहिणार आहे."

मुंगीचा चेहरा पडला. पण ती हलली नाही. "आधी पुस्तक बघा ना, सर."

ग्रंथपालांनी पुस्तक आणून टेबलावर आपटलं. जुन्या पद्धतीची बांधणी. पानांच्या कडा छापखान्याने कापल्याच नव्हत्या, जोडलेली पानं वाचणाऱ्याने पट्टीने कापत जायचं. सबंध पुस्तक कोरं बंद होतं. फक्त एकेचाळीस ते अठ्ठेचाळीस ही पानं नीट, सरळ रेषेत कापलेली होती. मुंगीच्या तळटिपांमधली तीच.

"पट्टी कुणाची?" ग्रंथपालांनी सवयीने विचारलं.

"माझी. पावती दाखवू?"

ग्रंथपालांनी देवघेवीची वही मिटली. मुंगी मात्र पुस्तक उलटं धरून पुढच्या कडा बोटाने चाचपत होती.

"सर, एकशे बारा पण बंदच आहे."

ग्रंथपालांनी पुस्तक ओढून घेतलं आणि कडेवरून स्वतः बोट फिरवलं.

"जुनं पुस्तक आहे," ग्रंथपाल म्हणाले. "पुन्हा चिकटलं असेल."

मुंगीने पट्टी पुढे केली. त्यांनीच पान कापलं. एकशे बारावर झडपांची यादी होती, लहान-मोठ्या मिळून एकोणसाठ. योजनेचा तिथं पत्ता नव्हता. ती तळटीप त्यांनी एका जुन्या स्मरणिकेतून जशीच्या तशी घेतली होती. स्मरणिकेने कुठून घेतली, देव जाणे.

"मी कुणाला सांगणार नाही, सर," मुंगी म्हणाली.

झालं! एवढं एक वाक्य ती बोलली नसती, तर ग्रंथपालांनी कदाचित विषय तिथंच मिटवला असता. पण 'कुणाला सांगणार नाही' म्हणणारा माणूस जिना उतरेपर्यंत दहा जणांना सांगतो, असा त्यांचा अनुभव होता. तिच्या आधी आपणच सांगितलेलं बरं.

त्यांनी यादीत तिच्या नावापुढे 'तपासलं' असं लिहून सही केली. मग संगणकावर स्वतःचा लेख उघडला, तळटीप खोडली आणि कारणाच्या रकान्यात टंकलं: 'मूळ पुस्तक न वाचता संदर्भ दिला होता.' हे कारण जगात कुणालाही वाचता येणार होतं, याची त्यांना कल्पना होती.

"जा आता. झालं तुझं काम."

मुंगी जागची हलली नाही. खुर्चीमागे उभी राहून ती पडद्याकडे बघत होती.

"काय राहिलं?"

"'जतन करा' दाबलं नाहीत अजून, सर."